जोडीतला दुसरा पाळणा

तिने कठड्यावर वाळूची पिशवी पुन्हा अडकवली. खिट्टीने क्षणभर तग धरला, मग ती निसटली आणि पाळण्याची ती बाजू धाडकन खाली आली.

"अगं, किती वेळा पाडशील?" शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला.

"वर ऐकू जाईपर्यंत."

वर संचालकांची खोली होती. संस्था कुणाच्या नफ्यासाठी चालत नव्हती. बाजारातल्या वस्तू तपासायच्या आणि ग्राहकांसाठी कायदे कसे हवेत ते सरकारला सांगायचं, एवढंच तिचं काम. या पाळण्याचा अहवाल आज समितीपुढे जायचा होता. सकाळी संचालकांनी तो अडवला.

"'निसटते'च्या जागी 'सैल होऊ शकते' लिही. कंपनीला उत्तर द्यायला सहा महिने देऊ."

"सहा महिन्यांत बाळं कठडा धरून उभी राहतात, सर."

"एक नग खराब निघाला, त्याचा एवढा गहजब? तू नुकतीच आई झालीयस, म्हणून लागतंय मनाला."

ते हसले होते. ते हसू अजून तिच्या कानात सलत होतं.

संस्था प्रत्येक वस्तू जोडीने विकत घेई; एक मोडायला, दुसरी पुराव्यासाठी सीलबंद. ती भांडारात गेली.

"मामा, याचा जोडीदार काढा."

भांडार सांभाळणारे मामा चष्मा पुसत राहिले. "जोडीदार सासरी जाऊन आलाय, पोरी."

"म्हणजे?"

"वरच्या साहेबांनी नेला होता, नातीला. तू पहिला पाळणा तपासलास, त्याच संध्याकाळी परत आणला. बोलू नका म्हणाले."

सील फाटलेलं होतं. कठड्याच्या कडेला रंग उडालेला, इवल्या दातांच्या खुणा. तिने त्यांवर बोट ठेवलं. सकाळी निघताना असेच दोन दात तिच्या खांद्यात रुतले होते.

"धरा त्या बाजूने."

"मला घरी बसवतील गं."

"मग एकटी नेते."

मामांनी उसासा टाकून दुसरी बाजू उचलली.

समितीच्या खोलीत पाळणा टेकवला तशा सगळ्यांच्या माना वळल्या.

"हा इथे कशाला?" संचालकांनी विचारलं.

"दुसरा नग, सर. हाही खराब निघतो का, सगळ्यांसमोर बघू." तिने वाळूची पिशवी पुढे केली. "तुम्हीच अडकवता?"

ते उठले. पिशवी घेतली नाही. त्यांचा हात कठड्यावर गेला आणि न शोधताच अंगठा त्या खुणांवर जाऊन थांबला.