उभा पाइप

नाथाने भिंतीतला पाइपचा वाकडा एल्बो पिळून बाहेर ओढला, तसा आतला काळा, चिकट गोळा खाली शिडी धरून उभ्या असलेल्या सुयोगच्या मनगटावर पडला. मोरीच्या जाळीत अडकलेल्या केसांच्या गुंतवळासारखा तो घसरत कोपरापर्यंत गेला. खवट तेलाचा भपका उठला. सुयोगने मान फिरवून उबळ गिळली.

"मी बोललो होतो ना," नाथा शिडीवरून म्हणाला. "आडवा पाइप म्हणजे गटार. धूर वर जातो का आडवा? सगळा माल इधरच जमा."

नाथाचं स्वयंपाकघरातल्या धुराच्या चिमण्या बसवायचं दुकान उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये. शेगडीवरचा पाइप भिंतीतून काढून सरळ छतावर न्यायला तो सकाळीच सोनिवलीत सुयोगच्या घरी आला होता.

एल्बोच्या वळणात एक पाल होती. तेलात मुरलेली, पाय पसरलेली, अंगाला झुरळांचे पंख चिकटलेले. सुयोगला किळस आली, आणि त्या किळसेत बरंही वाटलं.

"सापडला," तो म्हणाला.

"काय?"

"वास."

ओट्याशी कांदा चिरणाऱ्या त्याच्या बायकोने, मनालीने, मान वर केली नाही.

लग्नाला वर्ष होत आलं, तरी सुयोगच्या आईने, राजाबाईंनी, सुनेच्या हातचा घास तोंडात घातला नव्हता. मनालीचं माहेर अंबरनाथला. घरात बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. त्याबद्दल राजाबाई अवाक्षर बोलल्या नव्हत्या. लग्नात पुढच्या रांगेत बसल्या, फोटोत हसल्या. नंतर मात्र सैपाकघरात वास येतो, मळमळतं, असं म्हणून त्यांनी पडवीत स्वतःची वेगळी शेगडी मांडली. ज्या बाईने जन्मभर सुकट भाजली तिला कसला वास मळमळवतो, हे सुयोगला कळेना. त्याने खापर धुरावर फोडलं. मनाली रोज सकाळी सासूचा चहा पडवीत नेऊन ठेवी आणि दुपारी, सायीची सुरकुतलेली कातडी धरलेला तो कप मोरीत ओती.

"वास गेला का जेवीन ना रं," राजाबाईंनी कबूल केलं होतं.

पाइपचं ठरलं तेव्हा मनाली एवढंच म्हणाली होती, "बसव. पण त्यानंतर मला दुसरं कारण सांगू नकोस."

सुयोग एल्बो तसाच घेऊन पडवीत गेला. राजाबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, हे बघ. हा तुझा वास."

राजाबाईंनी वाकून पाहिलं. पदराला हात गेला नाही. त्यांनी एक बोट आत घातलं, पालीची शेपटी चिमटीत धरली, ओढून पाहिली.

"पाल हाय," त्या म्हणाल्या. "लय दिस झालं असतील." बोट सुपाखालच्या वर्तमानपत्राला पुसलं आणि तोच हात पुन्हा तांदळात घातला.

सुयोग एल्बो घेऊन परत आला. का कोण जाणे, त्याचा मघाचा उत्साह निम्मा झाला होता.

दुपारपर्यंत काम झालं. नाथाने छपराचा सिमेंटचा पत्रा गोल कापला. पांढरी भुकटी ओट्यावर, भांड्यांवर, मनालीच्या केसांत बसली. पाइप ओळंब्यात, सरळ उभा राहिला. भोकाभोवती पत्र्याची कॉलर, तिच्यावर डांबराची पट्टी, वर पावसाची टोपी. सुयोगने फिनेल टाकून फरशी घासली. हात तीनदा धुतले.

नाथाने अगरबत्ती पेटवून शेगडीवर धरली. धुराची दोरी न हलता सरळ वर गेली.

"बघा. एकदम रॉकेट. आता इथे बोंबील जाळा, बाजूवाल्यालापण कळणार नाय."

"आई, ये गं," सुयोगने हाक मारली. "बघ आता."

राजाबाई आल्या, पण चौकटीशी थांबल्या. मनालीने शेगडीवर पातेलं ठेवलं होतं, वर झाकण. वाफ झाकणाच्या कडेने निसटून पाइपात ओढली जात होती. राजाबाईंनी पदर नाकाला लावला.

"येतोय," त्या म्हणाल्या. "अजून येतोय."

नाथाने नाक वर करून हुंगलं. "कसला, मावशी? फिनेलचा?"

"तसा नाय. जेवनाचा. मला लगेच समजतं."

मनालीने झाकण उचललं आणि बाजूला ठेवलं. सुयोग वाकला. पातेल्यात पाणी होतं. तळ दिसत होता.

"आई," तो म्हणाला, "नुसतं पाणी आहे."

राजाबाईंनी पातेल्यात पाहिलं नाही. त्या मनालीच्या हाताकडे, झाकणावर टेकलेल्या बोटांकडे पाहत होत्या.

"मंग पान्याला येत असंल," असं म्हणून त्या वळल्या. पडवीत त्यांच्या माठावरचं झाकण घट्ट दाबून बसवल्याचा आवाज आला.

नाथा हत्यारं पिशवीत भरू लागला, फारच लक्षपूर्वक.  सुयोगने हात नाकाशी नेले. साबणाखेरीज कसलाच वास नव्हता. तो मनालीला दुसरं काही कारण सांगायला निघाला आणि थांबला.

"नाथाभाऊ, चहा घेऊन जा," मनाली म्हणाली.

"चालेल की, ताई. कडक."

तिने उकळत्या पाण्यात चहापत्ती टाकली, आलं ठेचलं. मांडणीवरून कप काढले. तीनच.