भिंतीपासून चार बोटे

मित्रांनो, लंडनमधल्या इल्फर्डच्या बुद्धविहारात शिरताना तुम्ही ज्याच्याकडे न बघता चपला भिरकावता, तोच मी जुना लाकडी रॅक. सुखदेवकाकांनी साउथहॅम्प्टन बंदरातल्या टाकाऊ फळ्यांतून मला ठोकून काढले. पाय वाकडे झाले, म्हणून मी भिंतीला कधी टेकलोच नाही. मागे चार बोटांची फट राहिली. तिच्यात बूट पडत आणि लोक मला शिव्या घालत. कौतुक म्हणाल तर उद्घाटनाला एक हार मिळाला, तोही संध्याकाळी काढून नेला.

मला माणसांची तोंडे दिसत नाहीत, पाय दिसतात. इंद्रजितसाहेब विहाराचे मोठे देणगीदार. स्वातंत्र्यावर भाषण करावे तर त्यांनीच. त्यांचे चकचकीत बूट वरच्या फळीवर. त्यांच्या घरी कामाला असलेली भीमाबाई मागून येई, तिच्या पायात ऐन जानेवारीत बाथरूमच्या स्लिपर. टाचांना भेगा. "नात्यातलीच आहे, मदतीला आणलीय," ते सांगत आणि दोन वर्षे सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या बुटांचा तिटकारा होता. माना डोलावणाऱ्यांचा त्याहून जास्त.

विचारले फक्त राजश्रीने. ती नर्स. रविवारी चपला लावायची सेवा तिची.

"भीमाताई, बूट का नाही घालत?"

"साहेब देत नाहीत. बूट असले की माणूस लांब जातं म्हणतात. पासपोर्टपण त्यांच्याच कपाटात. ते गेले की दार बाहेरून लॉक."

त्यानंतरच्या कुजबुजीतून मला कळले, माझ्या दारातून अशा अडकलेल्या बायकांना सोडवणारी एक गुपचूप साखळी चालते. आधी राजश्री, मग गाडीवाली धम्मशीला, मग क्रॉयडनमधली कुणाची तरी खोली. प्रत्येकीला फक्त पुढची कडी माहीत. पुढच्या रविवारी माझ्या खालच्या डाव्या कप्प्यात चार नंबरचे गरम बूट आले.

"साहेब उठले तर?" भीमाबाईने स्लिपर काढत विचारले.

"वंदना सोडून नाही उठत ते. फर्स्ट रोचा फोटो असतो ना."

भीमाबाई बूट चढवून धम्मशीलाच्या गाडीत बसायला गेली. नेमका त्या दिवशी फोटोवाला आला नाही. पंचशील संपायच्या आत इंद्रजितसाहेब दारात. माझ्यावर त्या स्लिपर तशाच पाहून ते काय ते समजले. धम्मशीलाची गाडी अजून समोरच्या सिग्नलला अडकलेली. त्यांनी आपल्या बुटांना हात घातला. एकच हाताला लागला.

"राजश्री, माझा दुसरा बूट कुठाय? This is not funny."

"सर, रॅक जुना आहे. मागे पडतात."

पडला नव्हता, मी पाडला होता. त्यांनी मला ओढले. मी वाकडा पाय कार्पेटमध्ये रुतवून बसलो. मोज्यांवर उंबऱ्यापर्यंत जाऊन त्यांनी बर्फाचा चिखल पाहिला, बसस्टॉपवरची माणसे पाहिली आणि परत फिरले. सिग्नल हिरवा झाला.

भीमाबाई सुखरूप आहे, पोलिसांशी बोलली आहे. साहेबांची चौकशी चालू आहे, तरी समिती त्यांची देणगी घेतेच. आता ते स्टीलचा नवा रॅक देणार आहेत आणि मी मोडीत निघणार आहे.

काढा, मित्रांनो. मला तुमची दया नको. पण नव्या रॅकच्या खालच्या डाव्या कप्प्यात चार नंबरचे गरम बूट ठेवा. आणि तो भिंतीला अगदी चिकटवू नका.