दुसरीकडचे काम

कासवाने दाराला कडी लावली, कॅमेरा बंद असल्याची पुन्हा खात्री केली आणि हेडफोन चढवले. बैठक सुरू झाली होती.

हवामानाच्या नोंदी तपासणारे एक मुक्त सॉफ्टवेअर विनामोबदला लिहिणारी माणसे एकमेकांना टोपणनावांनीच हाक मारत. आजचा ठराव असा होता: सभासदांनी इतर प्रकल्पांत केलेले कामही शोधून काढावे आणि त्यांच्या नावावर जाहीर मांडावे.

“दुसऱ्याच्या घरी रांधलं म्हणून तो स्वयंपाक नव्हे का?” गुरुजी विचारत होते. ते भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक, ठराव त्यांचाच.

“ज्याचं त्याने सांगावं,” कासव म्हणाली. “आपण शोधू नये.”

“अहो ताई, स्वतःची टिमकी वाजवणं सगळ्यांना जमतं का? तुम्हीच स्वतःबद्दल कधी अवाक्षर काढलंत?”

“कासव आहे ते, गुरुजी,” टिंब नावाचा सभासद मध्येच बोलला. “हात लावला की मान आत!”

सगळे हसले. तीही हसली आणि ओले तळहात ओढणीला पुसले.

तिचे दुसरीकडचे काम पुष्कळ होते. ते ‘टाचणी’ या नावाने होते, आणि ते नाव नवऱ्याने ठेवले होते. घर सोडल्यापासून टाचणीने एक ओळही लिहिली नव्हती. ही दोन नावे जुळली, तर तो येईल. हा केवळ तर्क नव्हता. मागच्या दोन्ही गावांत तो आला होता.

“काहींना सापडायचं नसतं.” आवाज कापू नये म्हणून तिने एकेक शब्द सुटा उच्चारला. “कारण विचारू नका.”

मग गुरुजींनी घसा खाकरला.

“हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मुद्दा बिनतोड आहे.”

संमतीवाचून कोणाचेही काम शोधू नये, अशी दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. कासवाने हेडफोन गळ्यात उतरवले आणि दार उघडले. बाहेर आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

“झालं का गं मनासारखं?”

“झालं, आई.”

“ताई, आहात ना?” हेडफोनमधून बारीक आवाज आला. बाकीचे गेले होते. गुरुजी तेवढे थांबले होते. “आता तुमचं पान काढून टाकतो हं.”

तिने हेडफोन पुन्हा कानांना लावले. “कसलं पान?”

“नमुन्यादाखल एक केलं होतं. तुमच्या वाचनालयातल्या वर्गासाठी पुस्तकं पाठवली ना तुम्हाला, तेव्हापासून मनात होतं, ताईंना एकदा चकित करावं. प्रोग्राम अडला की सगळे ‘त्रुटी’ लिहितात, तुम्ही एकट्या ‘गफलत’. म्हटलं, बघू या हा शब्द आणखी कोण वापरतं. एकच नाव सापडलं. टाचणी! बरोबर ना?”

तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. “कुठे ठेवलंय ते?”

“कुठे म्हणजे? उघड्यावर. आपल्यात काय झाकून असतं?”

पान सापडायला वेळ लागला नाही. दोन्ही नावे शेजारी शेजारी होती. खाली एकच प्रतिक्रिया होती. लिहिणाऱ्याचे खाते याच आठवड्यात उघडलेले.

‘या बाई सध्या कुठे असतात? प्रत्यक्ष भेटून अभिनंदन करायचे आहे.’

त्याखाली गुरुजींनी गावाचे नाव दिले होते, आणि पुढे लिहिले होते: ‘शनिवारी तिथल्या वाचनालयात शिकवतात. जरूर जा. मात्र आधी कळवू नका, फार लाजाळू आहेत.’