धाकटीच्या सुरकुत्या

धाकटीच्या कपाळावरच्या आठ्या नाहीशा झाल्या, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. खाली आम्ही राहतो, वर ती आणि भावोजी, आणि स्वयंपाकघर खाली, दोघींचं एकच. वय बेचाळीस. या वयात बाईच्या तोंडावर रेघा वाढतात, कमी होत नाहीत. हिच्या मात्र दोन भुवयांमधली उभी आठी गेली, डोळ्यांच्या कडेच्या रेघा गेल्या आणि गाल इस्त्री फिरवल्यासारखे गुळगुळीत होऊन चमकायला लागले. मी आरशात स्वतःकडे पाहिलं आणि माझा तिळपापड झाला. इंजेक्शनं घेतेय, म्हटलं, कुठेतरी गुपचूप जाऊन. आणि कुणासाठी?

मी संशयी आहे, हे आमचे हे लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगत आलेत. पण माझा धंदाच तसा आहे. बावीस वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते आमच्याकडे येतं, मी त्यात प्लॅस्टर ओतते आणि साच्यावर दात बसवते. माणूस कधी दिसत नाही. दिसतो तो त्याचा जबडा, आणि त्यावरून मी सांगते की हा झोपेत दात खातो, ही डाव्या बाजूनेच चावते, याने बडीशेप म्हणून भलतंच काही चघळलंय. माझं सहसा चुकत नाही, आणि याचा मला माज होता. होता, म्हणते मी.

एकदा डोक्यात किडा शिरल्यावर मग काय, मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले, आणि मागचंही एकेक आठवायला लागले. धाकटी आधीपासूनच भांडी घासताना हातमोजे घालायला लागली होती. फ्रिजमधून दुधाची पिशवी काढायची तर पदराने धरायची. "गार लागतं हो ताई," म्हणायची. उन्हाळ्यात! मी मनात म्हटलं, कामचुकारपणाला नवा बहाणा. मग एके दिवशी तिच्या बोटातली लग्नातली अंगठी दिसेनाशी झाली होती. विचारलं तर म्हणे, बोटं सुजतात. बोटांच्या टोकांना सदा चिकटपट्ट्या. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात काजं-बटणं करते, तेव्हा सुई टोचत असेल, असं मीच ठरवून टाकलं. ओठांवर बारीक लाल ठिपके आले, ते पुसून जात नव्हते. त्याचा अर्थ मी काय लावला ते इथे लिहीत नाही.

सगळ्यात मला झोंबलं ते तिचं जेवण. पूर्वी ती माझ्यासमोर बसून बडबडत जेवायची. आता सगळ्यांचं उरकल्यावर एकटी बसायची, इवलासा घास घ्यायची आणि प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. मी आत आले की हाताने तोंड झाकायची. हसणं तर बंदच. तोंडाला कुलूप लावून बसलेल्या माणसाकडे लपवण्यासारखं काहीतरी असतंच, असं माझं ठाम मत.

आणि मी भावोजींचे कान फुंकले. आता शब्द मऊ करून काय उपयोग? फुंकलेच. म्हटलं, "भावोजी, बायकोकडे जरा लक्ष असू द्या. अंगठी काढलीय, तोंड चकाचक झालंय, नीट बोलत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय." भावोजी गाडी चालवायला शिकवतात, दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून दाबून आधीच त्यांचं डोकं तापलेलं असतं. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठे गेली होतीस, कोण होतं, अंगठी दाखव. ती एकच सांगायची, "मला बरं वाटत नाही." कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जाऊन आली, तर त्याने अशक्तपणा म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. म्हणजे दुखणं नाहीच, असा निकाल आम्ही घरात लावून टाकला.

त्यानंतर महिनाभराने लॅबमध्ये एक माप आलं. नाव तिचं. दीड वर्षापूर्वी तिचे वरचे दोन दात गेले होते तेव्हा खोट्या दातांची पट्टी मीच बनवली होती, चांगली घट्ट बसणारी. ती आता तोंडात जात नाही म्हणून दाताच्या डॉक्टरांनी नवीन माप पाठवलं होतं, तेही लहान मुलांच्या ट्रेमध्ये घेतलेलं. मागच्या दाढा मापात आल्याच नव्हत्या. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. तंबाखू-सुपारी? पेशंट नाही म्हणते."

चांगलं तोंड स्वतःची तीन बोटं उभी मावतील एवढं उघडतं. आमच्याकडे दोन बोटांचं तोंड आलं की कुणी दुसरा विचारसुद्धा करत नाही. तंबाखू-सुपारीने गाल आतून आखडतात, अशी शेकडो मापं माझ्या हाताखालून गेलीत. मी ती चिठ्ठी हातात धरून उभी राहिले, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. पुरावा मिळाला! तोंड झाकणं, एकटं जेवणं, सगळ्याचा उलगडा झाला.

रविवारी सकाळी मी ती चिठ्ठी भावोजींच्या हातात दिली. धाकटी ओट्यापाशी उभी होती.

"तू तंबाखू खातेस?" भावोजींनी विचारलं.

"नाही."

"मग हे काय लिहिलंय? वहिनी काय, डॉक्टर काय, सगळे खोटे आणि तू एकटी खरी?"

"अहो, मी नाही खात. मला खरंच बरं वाटत नाही."

"खोटं बोलतेयस एवढं सिद्ध झालं ना, तर आजच्या आज माहेरचा रस्ता धरायचा," भावोजी म्हणाले. तिच्या आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. माहेरी एक भाऊ, तोही हिच्याशी धड न बोलणारा. हे भावोजींना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

मी खुर्ची उजेडात ओढली. "बस. तोंड उघड. मी बघते, आत्ता कळेल."

ती बसली. मी पर्समधून लॅबची बॅटरी काढली, हातमोजा चढवला. तिने तोंड उघडलं तेव्हा ओठांभोवती बारीक उभ्या चुण्या पडल्या, नाडी ओढलेल्या पिशवीसारख्या. दात स्वच्छ होते, एकही डाग नाही. तंबाखूवाल्यांच्या गालात आतून कडक दोऱ्या हाताला लागतात. त्या शोधायला मी बोट घातलं, तर गाल आतून मऊच होता, फक्त कोरडा. इतका कोरडा की मोजा चिकटला. म्हटलं, जीभ उचल. जीभ उचलेना. जिभेखालची नाळ आखूड होऊन पांढऱ्या दोरीसारखी ताणली होती. मग मी बाहेरून तिच्या गालाला चिमटा काढायला गेले, आणि चिमटीत काही येईना. हाताच्या पाठीचंही तेच. कातडी खालच्या हाडाला चिकटवल्यासारखी.

आठ्या गेल्या नव्हत्या. कातडी ताणून बसली होती, पडायला जागाच उरली नव्हती त्यांना.

"दुखतं का?" मी विचारलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चेहरा तसाच, गुळगुळीत. रडू चेहऱ्यावर उमटतच नव्हतं.

"तंबाखू नाहीये," मी भावोजींना म्हणाले. "चप्पल घाला. उद्या नाही, आजच."

त्या दिवशी दाताचे डॉक्टर घरी गाठले, त्यांनी दुसऱ्या दिवशीची मोठ्या दवाखान्यातली वेळ मिळवून दिली. त्वचेच्या डॉक्टरबाई वयाने लहान, पण हात स्थिर. त्यांनी धाकटीच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडला आणि भिंगातून बराच वेळ बघितलं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या काही फुगल्यात, काही नाहीशाच झाल्यात, म्हणाल्या. ओठांवरचे लाल ठिपके म्हणजेही फुगलेल्या वाहिन्याच. बोटांच्या टोकांवरच्या पट्ट्या काढल्या. खाली सुईची टोचणी नव्हती, छोटे खड्डे पडले होते. रक्त पुरेसं पोचत नाही म्हणून. सिस्टेमिक स्क्लेरोसिस, असं नाव त्यांनी घेतलं. कातडी घट्ट होत जाते, आणि कधी कधी आतले अवयवही.

मग त्यांनी कागद पुढे ओढला. "कधीपासून, ते नीट सांगा."

धाकटी आठवायला लागली. मी पटापट सांगून मोकळी झाले. गार लागलं की बोटं पांढरी, मग निळी, सव्वा वर्ष. बोटं सुजून अंगठी काढली, अकरा महिने. चेहरा ताणला, आठ महिने. घासाला पाणी लागायला लागलं, सहा महिने. उशा दोन लावते, छातीत जळजळतं म्हणून, चार महिने. डॉक्टरबाई लिहीत होत्या.

"इतकं बारीक लक्ष ठेवणारं माणूस घरात असणं भाग्याचं," त्या म्हणाल्या. भावोजी खाली बघत राहिले. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

त्यांनी धाकटीच्या पाठीला नळी लावली. दीर्घ श्वास घ्यायला सांगितला, पुन्हा सांगितला. चेहरा गंभीर झाला. "फुप्फुसांचा स्कॅन लागेल. आत पसरलं असेल तर आहे तेवढं टिकवता येतं, गेलेलं परत येत नाही. म्हणून विचारते, जिना चढताना दम कधीपासून लागतो?"

"आठवत नाही," धाकटी म्हणाली. "हळूहळू लागायला लागला."

भावोजींना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. वरचा जिना आमच्या दाराला लागून जातो. दुकानातून आली की धाकटी थेट वर जायची, आणि रोज संध्याकाळी तिची पावलं मध्येच थांबायची.

"पाच महिने," मी म्हणाले. "सातव्या-आठव्या पायरीवर थांबते. तीन-चार मिनिटं. मला वाटायचं, कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलतेय. मी दाराला कान लावून ऐकायचे."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं.

धाकटीने माझ्याकडे वळून पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, राग असला तरी दिसणार कुठून?

"तुम्ही दारामागे असायचात?"

"हो."

"मला श्वास घेता येत नव्हता, ताई," ती म्हणाली. "दार का नाही उघडलंत?"