आधी पिन केलेला मेसेज वाचा

संध्याने प्रश्न लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि मग फार विचार न करता ग्रुपवर पाठवून दिला. ‘नमस्कार. मी नवीन आहे. माझा लॅपटॉप फार हळू चालतो. त्यात लिनक्स टाकलं तर बरा चालेल असं ऐकलं. ते कसं टाकायचं?’

पोशीर गावाच्या वरच्या अंगाला तिची ठाकरवाडी. डी.एड. होऊन नोकरीची वाट बघता बघता ती वाडीतल्या समाजमंदिरात मुलांची अभ्यासिका घ्यायला लागली होती, आणि आता नोकरीपेक्षा अभ्यासिकेचाच घोर तिला जास्त असायचा. रसायनीच्या एका कारखान्याने वापरून झालेले दोन लॅपटॉप अभ्यासिकेला दिले होते. त्यातला बरा म्हणावा तोही सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की मुलं तोवर उठून बाहेर खेळायला जायची. कर्जतच्या वाचनालयात एका कार्यक्रमाला गेलेली असताना तिला अंतराताई भेटल्या. त्या तिथल्याच कॉलेजात शिकवायच्या. जुन्या मशीनवर लिनक्स ही संगणकप्रणाली छान चालते, फुकट असते आणि शिकवणारी माणसं आपल्याकडे आहेत, असं सांगून त्यांनीच तिला ग्रुपमध्ये घातलं. कर्जत-खालापूरकडची लिनक्स वापरणारी मंडळी त्यात होती.

पहिलं उत्तर लगेच आलं. अनुपम नावाच्या माणसाचं. ‘आधी पिन केलेला मेसेज वाचा.’

ग्रुपच्या माथ्यावर कायमचा लावून ठेवलेला तो मेसेज तिने उघडला. इंग्रजीत होता आणि बोटाने कितीही वर सरकवला तरी संपत नव्हता. ती वाचत असतानाच दुसऱ्या कुणी विचारलं, ‘रॅम किती? प्रोसेसर कोणता? डिस्क कोणती?’ तिसऱ्याने लिहिलं, ‘असा प्रश्न विचारल्यावर कोण काय सांगणार?’ आणि पुढे हसणारं तोंड टाकलं. त्या हसणाऱ्या तोंडाला चार-पाच अंगठे मिळाले. मग नवशिक्याने कोणतं लिनक्स घ्यावं यावरून दोघांची जुंपली. दुपारभर फोन वाजत राहिला. ज्या नवशिकीवरून ते भांडत होते, तिला त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

संध्याकाळी अंतराताईंचा वेगळा निरोप आला. ‘मनावर घेऊ नका. रविवारी खोपोलीच्या शिळफाट्याला सगळे भेटतात. लॅपटॉप घेऊनच या.’

त्या लॅपटॉपमध्ये ‘आपला पाला’ नावाचा एक फोल्डर होता. पहिलीच्या मुलांना पुस्तकातल्या भाज्या ओळखीच्या नव्हत्या, आणि ज्या ओळखीच्या होत्या त्या पुस्तकात नव्हत्या. म्हणून गेल्या पावसाळ्यात संध्या वाडीतल्या चिमाकाकीच्या मागे रान फिरली होती. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, लोत, चाईचा वेल. जमिनीतून वर येतानाचे फोटो, हातात धरलेले फोटो, आणि प्रत्येकाबरोबर काकीचा आवाज. ‘शेवळं आंबट काकडं घालूनच शिजवायची, नायतर घसा खाजतो.’ मुलं फोटो बघायची, काकीला ऐकायची आणि खाली नाव टाइप करायची. ज्या पोरांना ‘पालक’ लिहिताना तीन चुका व्हायच्या ती ‘भारंगी’ बिनचूक लिहायची. फोनची जागा सारखी भरायची, म्हणून सगळं लॅपटॉपवर टाकून ती फोन रिकामा करायची.

रविवारी नेरळहून कर्जत, कर्जतहून खोपोलीची गाडी आणि मग रिक्षा करून ती शिळफाट्याला पोचली. एका क्लासची खोली रविवारपुरती मंडळींना मिळायची. दहा-बारा जण होते, बहुतेक पुरुष. समोर अनुपम पडद्यावर काहीतरी दाखवत होता. चाळिशीचा, चष्मा कपाळावर ढकललेला, शांत आवाजाचा. ग्रुपवरचा अनुपम तो हाच, हे कळल्यावर संध्या मागच्या बाकावर बसली. अंतराताईंनी तिला हात केला. त्यांच्या कॉलेजचा एक कार्यक्रम होता, त्या थोड्या वेळात निघून पुन्हा येणार होत्या. जाताना त्यांनी तिला गंधारकडे सोपवलं.

गंधार इंजिनिअरिंग संपवून नुकताच नोकरीला लागलेला. हसरा मुलगा. “द्या ताई, अर्ध्या तासाचं काम आहे,” म्हणत त्याने पेनड्राइव्ह लावला. बोटं भराभर चालत होती आणि डोळे अर्धे अनुपमच्या पडद्याकडे होते.

“ड्युअल बूट ठेवायचं, की पूर्ण डिस्क घ्यायची?” त्याने विचारलं.

जुन्याच्या शेजारी नवं बसवायचं की जुनं पुसून टाकायचं, एवढाच तो प्रश्न होता. हे तिला नंतर कळलं. त्या घडीला तिला फक्त ते हसणारं तोंड आठवलं. पुन्हा काही विचारावं आणि पुढच्या बाकावरच्यांनी वळून बघावं, हे तिला नको होतं.

“तुम्हाला योग्य वाटेल तसं करा,” ती म्हणाली.

लॅपटॉप खरंच चांगला चालू लागला. झटकन उघडला. गंधारने मुलांसाठी दोन खेळ टाकून दिले. संध्या खूश होऊन इकडे तिकडे बघत होती, मग तिने फोल्डर शोधायला घेतला. बराच वेळ शोधला. शेवटी तिने हळू आवाजात विचारलं, “माझं आतलं सगळं कुठे असेल?”

गंधारचा चेहरा उतरला. “तुम्ही म्हणालात ना, पूर्ण डिस्क…” म्हणता म्हणता तो थांबला, कारण ती तसं म्हणाली नव्हती.

अनुपम उठून आला, लॅपटॉपच्या पडद्याकडे एक नजर टाकली आणि विचारलं, “बॅकअप नव्हता?”

“नाही.”

“इन्स्टॉल करण्याआधी बॅकअप घ्यायचा, हे पिन केलेल्या मेसेजमध्ये सगळ्यात वर लिहिलंय.” तो ओरडला नाही. सगळ्यांना सांगतो तसंच त्याने सांगितलं. “बॅकअप नसेल तर डेटा महत्त्वाचा नव्हता असं धरून चालायचं.”

संध्याने लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला आणि ती बाहेर पडली. कुणीतरी मागून “अहो, चार्जर,” म्हटलं. तिने परत जाऊन चार्जरही घेतला. ते परत जाणंच तिला सगळ्यात जड गेलं.

रिक्षास्टँडवर अंतराताई धावत आल्या. गंधारने त्यांना फोन केला होता.

“संध्या, ऐका. लॅपटॉप आता अजिबात चालू करू नका. वापरला नाही तर काही भाग परत काढता येतो.”

“हे आत कुणी का नाही सांगितलं?”

अंतराताईंनी तिच्या पिशवीकडे बघितलं.

“तिथं दहा जणांना हे माहीत असणार. एकानंही सांगितलं नाही. चूक कुणाची तेवढंच सांगितलं.” तिचा आवाज चढला होता, आणि रस्त्यावर आपला आवाज चढलाय याचाही तिला राग आला. “आणि तुम्ही मला आणलंत. आणून सोडून गेलात.”

“हो,” अंतराताई म्हणाल्या. “द्या माझ्याकडे, मी प्रयत्न करते.”

“नको. आज माझ्याकडून कुणाच्याच हातात देणं होणार नाही.”

संध्या वाडीत परतली तेव्हा चिमाकाकी अंगणात वाल निवडत होती. संध्याने सगळं सांगितलं. काकीने सूप खाली ठेवलं.

“फोटो गेलं म्हंजी? रान तर हाय ना तिथंच.”

“शेवळं आता कुठली गं काकी? पावसाच्या तोंडावर येणार. तोवर पहिलीची पोरं दुसरीला जातील.”

“मंग दुसरीत शिकव.”

“आणि तू तेव्हा चढशील का वर? गुडघा बघ तुझा.”

“ते तवाचं तवा बघू,” काकी म्हणाली आणि पुन्हा सूप घेतलं. संध्याला तिच्या शांतपणाचाही राग आला. कुणीतरी आपल्याबरोबर चिडावं, एवढंच तिला हवं होतं.

दोन दिवस अभ्यासिकेत मुलं ‘पाला लाव, पाला लाव’ करत राहिली. ती काहीबाही सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी अंतराताई वाडीत आल्या. एकट्याच, पाठीवर पिशवी, चढावाने दम लागलेला. त्यांनी माफी मागितली नाही की अनुपमची बाजूही मांडली नाही. “करून बघायचं का?” एवढंच विचारलं. संध्याने लॅपटॉप पुढे केला.

या वेळी त्या प्रत्येक गोष्ट सांगून करत होत्या. हा पेनड्राइव्ह, यावरून मशीन चालेल, म्हणजे आतल्या डिस्कला हात लागणार नाही. ही बाहेरची डिस्क, जे सापडेल ते इथे पडेल. संध्याला पहिल्यांदाच कळलं की पुसलेलं लगेच पुसलं जात नाही. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं तरच ते खरं जातं. “एवढं साधं होतं?” तिने विचारलं. “एवढंच,” अंतराताई म्हणाल्या आणि त्यांना स्वतःलाच ते बोलून कसंतरी झालं असावं.

ऊन उतरेपर्यंत मशीन चालत होतं. फायली निघाल्या, पण नावं गेलेली. नुसते आकडे. हजारो. त्यात कारखान्याची जुनी चित्रं, कुठल्या कुठल्या बटणांची बारकी चित्रं, आणि मधूनच एखाद्या भाजीचं पान. कुर्डू मिळाली, टाकळा मिळाला. काही फोटो अर्ध्यातून राखाडी झालेले. काकीचे आवाज बरेच आले, पण कोणता कशाचा ते ऐकूनच ठरवायचं. शेवळांचा एकही फोटो आला नाही. दोघींनी पुन्हा पुन्हा शोधलं.

“मी ग्रुपवर लिहिते,” अंतराताई निघताना म्हणाल्या. “असं चालणार नाही हे एकदा बोलायलाच हवं.”

“मी लिहिते. माझं गेलंय.”

तिने लिहिलं. ‘मला प्रश्न कळला नव्हता. पुन्हा विचारायची लाज वाटली, कारण आधी विचारलं तेव्हा तुम्ही हसला होतात. त्यामुळे माझं एका पावसाळ्याचं काम गेलं. अर्धं अंतराताईंनी परत काढलं. तुमचा मेसेज मी वाचला होता. मला तो समजला नाही.’

आधी गंधारचा फोन आला. त्याने अडखळत माफी मागितली. नंतर अनुपमने लांबलचक लिहिलं. इतकी वर्षं तो हे फुकट करतोय, रोज तेच प्रश्न येतात, उत्तर मिळालं की माणसं नाहीशी होतात, कुणी साधं ‘जमलं’ एवढंही कळवत नाही. संध्याला वाचताना वाटलं, हे खोटं नाही. पण त्यात तिच्या कामाबद्दल एक ओळही नव्हती.

पुढच्या भेटीला ती गेली. दुसरा लॅपटॉप अजून तसाच हळू चालत होता आणि तो करून देणारी माणसं दुसरीकडे कुठे नव्हती, म्हणून तो घेऊन गेली. अंतराताईंनी सुरुवातीलाच मांडलं, की पहिला तास नव्या माणसांचा, पिन केलेला मेसेज मराठीत, आणि नव्या माणसाचं मशीन हातात घेण्याआधी आत काय आहे ते त्याच्या बोलीत विचारायचं. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. अनुपमने वायर गुंडाळायला घेतली.

“मग मी कशाला यायचं? अंगणवाडी चालवायला?”

“अनुपम,” अंतराताई म्हणाल्या, “दर वेळी हेच.”

“तुम्ही जाऊ नका,” संध्या म्हणाली. सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. “गेलात तर मला हे शिकवणारं एक माणूस कमी होईल. माझ्या प्रश्नांनी तुम्हाला कंटाळा येतो, येऊ दे. मलाही पोरांचा येतो. पण मी विचारते ते मला माहीत नाही म्हणून विचारते.”

अनुपमने वायर हातातच धरली. मग त्याने बाक ओढला आणि तिच्या शेजारी बसला.

“आत काय आहे?” त्याने लॅपटॉपकडे बोट दाखवून विचारलं.

“मुलांची गणितं. आणि थोडे फोटो.”

“कॉपी आहे?”

“नाही.”

त्याने श्वास सोडला. ओठांवर आलेलं बोलणं त्याने गिळलं, हे तिला स्पष्ट दिसलं. मग तो समजावू लागला. डिस्क म्हणजे काय, तिचे भाग कसे पाडतात. भराभर बोलायचा. संध्या थांबवून विचारायची. पहिल्यांदा त्याने नीट सांगितलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याच्या कपाळावर आठी पडली आणि तो म्हणाला, “आत्ताच सांगितलं ना.”

“सांगितलंत,” संध्या म्हणाली. “कळलं नाही. परत सांगा.”