लाडवाचे दोन्ही कान

"गोदू, आज जे घडलं ना, ते अख्ख्या बेंगळुरात कुणाला खरं वाटायचं नाही!" भीमाचार्यांनी उंबऱ्यातूनच जाहीर केलं आणि चपलांसकट खुर्चीत अंग टाकलं.

व्हिसा केंद्राची ही चौथी खेप. दोन बस बदलून आलेले, पाय सुजून भोपळे झालेले. पिशवीत दोन पासपोर्ट. त्यांच्या पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता, बायकोच्या पासपोर्टात नुसती चिठ्ठी. अर्जातलं नाव जुळत नाही, नव्यानं अर्ज करा, भरलेली फी परत मिळणार नाही. नव्या अर्जाला महिना लागणार, आणि परदेशात लेकीचं, आश्लेषाचं बाळंतपण तीन आठवड्यांवर आलेलं.

एजंट कशाला, म्हणत अर्ज त्यांनीच भरला होता. पासपोर्टात शाळेच्या दाखल्यावरचं सोयराबाई होतं. पण लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं त्यांनी गोदूबाई लिहिलं, आणि बावन्न वर्षांनी अर्जावरही हात त्याच वळणानं गेला.

"व्हिसा आला का?" गोदूबाई डिंकाचे लाडू वळता वळता म्हणाल्या.

"स्वल्प पाणी तरी दे! अगं, त्या देशात उतरायची फी वेगळी, उभं राहायची वेगळी. श्वासाला मीटर, रिक्षासारखा. नातवंडाला अंगाई म्हणायची तर परवाना."

"अय्यो! मग?"

"मग लाडवांचं निघालं. प्रत्येक लाडवाचा फोटो हवा म्हणे. पांढरी भिंत मागं, दोन्ही कान दिसले पाहिजेत. लाडवाला कान कुठून आणू मी?"

त्या खुदकन हसल्या. भीमाचार्यांना जरा हुरूप आला. थकलेला आवाज त्यांनी चढवला.

"तेवढ्यात मोठा साहेब उठला. हातात तुझा कागद. भर हॉलमध्ये ओरडला, गोदूबाई! गोदूबाई कोण? लाडवांवर हिच्या बोटांचे ठसे आहेत, ते आमच्या मशीनला जुळत नाहीत! मी म्हटलं, ठेवा तुमचा देश तुमच्यापाशी..."

गोदूबाईंचा हात थांबला. अर्धा वळलेला लाडू त्यांनी परातीत ठेवून दिला.

"खोटं," त्या म्हणाल्या. "पासपोर्टात मी सोयरा आहे. त्या साहेबाला गोदू कुणी लिहून दिलं, अहो?"