तेराव्या बांगडीची सिद्धता

संध्या मॅडमना एक विद्या फार लवकर साधली होती. आपल्याला जे येत नाही, ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. अठ्ठावीस वर्षं कॉलेजात गणित शिकवायचं तर एवढं जमायलाच हवं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. वर्गात एखाद्या पोरानं अडचणीचा प्रश्न विचारला की त्या चष्मा वर सरकवायच्या, जरा हसायच्या आणि म्हणायच्या, "हे परीक्षेला येत नाही." पोरगं मुकाट्यानं खाली बसायचं. आणि खरंच, परीक्षेला ते यायचंही नाही. पेपर काढणारे तरी कुठं चंद्रावरून उतरले होते!

यंदा मात्र पेपर काढणारे वेगळे होते. जगभरातल्या विद्यापीठांच्या मुलांसाठी युरोपात गणिताची एक स्पर्धा भरते. ज्यांना तिकडं जाता येत नाही त्यांना आपल्याच कॉलेजात, कॅमेऱ्यासमोर बसून पेपर लिहायची मुभा असते. कॉलेजनं चार मुलं बसवली आणि संघप्रमुख म्हणून संध्या मॅडमचं नाव टाकून दिलं. निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या माणसाच्या गळ्यात असलं घोंगडं टाकणं सोपं असतं.

चारातल्या तिघांचा निकाल यथातथाच लागला. चौथी गजाला मनियार, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, शहागंजातल्या बांगडीवाल्या मजीदभाईंची मुलगी. तिला छत्तीस गुण पडले होते आणि तिसऱ्या बक्षिसाची रेघ अडतिसावर होती. गजालानं चेन्नईच्या एका गणित संस्थेत अर्ज केला होता. बक्षीस हातात असतं तर तिथली प्रवेश परीक्षा माफ होती, थेट मुलाखतीला बोलावणं. सारं घोडं दोन गुणांवर अडलं होतं.

ते दोन गुण मागायची एक वाट होती. तपासनिसानं गुण कमी दिले असं वाटलं, तर संघप्रमुखानं व्हिडिओ कॉलवर त्याच्यासमोर बसायचं आणि विद्यार्थ्याची बाजू मांडायची. विद्यार्थ्याला तिथं तोंड उघडायची परवानगी नाही, हजर राहायचीसुद्धा नाही. गजालाला तिसऱ्या प्रश्नात दहापैकी पाचच मिळाले होते. मंगळवारी दुपारी साडेतीनची वेळ मिळाली होती, पंधरा मिनिटांची.

मंगळवारी सकाळी मॅडमनी स्टाफरूममध्ये गजालाची उत्तरपत्रिका लॅपटॉपवर उघडली. एकदा वाचली. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचल्यावर त्यांनी उठून दार लावून घेतलं. स्पर्धेवाल्यांनी दिलेलं उत्तर मॅट्रिक्सनी सोडवलेलं होतं, ते त्यांनी निदान ओळखीच्या माणसासारखं ओळखलं तरी. गजालाचं उत्तर कुठल्या गावाहून निघालं आणि कुठं पोचलं, काही पत्ता लागत नव्हता. तिसऱ्या पानावर तपासनिसानं लाल अक्षरात एवढंच लिहिलं होतं, "हे का? सिद्ध केलेलं नाही."

आता ज्या उत्तराचं आपल्यालाच ओ की ठो कळत नाही, त्याची वकिली करायची कशी? मॅडमनी ईमेल लिहायला घेतला. आमची काही तक्रार नाही, दिलेले गुण मान्य आहेत. त्यात खोटं काहीच नव्हतं आणि विचारणारंही कोणी नव्हतं. पाठवायचं बटण दाबणार तोच मोबाइलवर गजालाचा मेसेज आला. 'मॅडम, आज बोलणार ना तुम्ही? अब्बांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय.'

मॅडमनी ईमेल पुसला आणि लॅपटॉप पिशवीत घालून शहागंजची रिक्षा केली. विद्यार्थ्याच्या दारी जाण्याची त्यांच्या नोकरीतली ती पहिलीच वेळ होती. वाटेत त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं. 'तुझ्या तोंडून ऐकते, म्हणजे मला मुद्दे ठरवता येतील.' मोडेन पण वाकणार नाही, अशा थाटाचं ते वाक्य होतं.

दुकानात मजीदभाई एका बाईच्या मनगटावर हिरवा चुडा चढवत होते. तिचा हात न सोडताच ते म्हणाले, "आओ मॅडम, बैठो. गजाला, स्टूल दे मॅडमला. चहा सांगू ना?"

"चहा नंतर," मॅडम म्हणाल्या आणि जुळवलेलं वाक्य बोलून मोकळ्या झाल्या.

गजाला खुशीत आली. तिनं पुठ्ठ्याची एक रिकामी नळी घेतली आणि तिच्यात लाल आणि हिरव्या मिळून तेरा बांगड्या ओवल्या. प्रश्नाचा थाट मोठा होता, पण आतली हाडं एवढीच होती. तेरा जागा आहेत, प्रत्येक जागी लाल किंवा हिरवी बांगडी बसवायची. सगळ्या लाल आणि सगळ्या हिरव्या अशा दोन रीती सोडल्या, तर बाकीच्या रीतींच्या संख्येला तेरानं पूर्ण भाग जातो हे दाखवायचं.

"हे बघा मॅडम. शेवटची बांगडी काढली, पुढं घातली. झाली नवी रीत. परत शेवटची काढली, परत पुढं घातली. असं तेरा वेळा केलं की आपण पहिल्या रीतीवर येतो. म्हणजे रीतींचे तेरा-तेराचे गट पडले. कोणी उरलं नाय. झालं."

मॅडम तिच्या बोटांकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडून प्रश्न निसटला, विचार करायच्या आधीच निसटला. "आणि तेराच्या आधीच पहिली रीत परत आली तर?"

"तेच तर मॅडम!" गजालानं एक बांगडी काढून घेतली आणि उरलेल्या बारांची मांडणी बदलली. दोन लाल, एक हिरवी, दोन लाल, एक हिरवी. "बारा असल्या की येते. तीनदा सरकवा, जशीच्या तशी. दिसलं?"

"डझनात डिझाइन बसतं मॅडम, तेरात नाय बसत," मजीदभाई तिकडून म्हणाले. "पचास साल का तजुर्बा है, माझा आन् माझ्या वालिदचा."

"का नाय बसत, ते बघा," गजाला म्हणाली. "आधी परत यायचं तर नक्षीचे सारखे तुकडे पडायला पाहिजेत. बाराचे पडतात. तेराचे पडतात का? पडले तर एक-एकचेच. मग सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या. आन् त्या तर आपण आधीच बाजूला काढल्यात."

मॅडमनी तिच्या हातातून नळी घेतली. तेरावी बांगडी परत ओवली आणि स्वतःच्या हातानं एकेक सरकवत गेल्या. चौथ्या खेपेला नाही, सहाव्या खेपेला नाही. कशी येईल? येऊच शकत नाही. कित्येक वर्षांत त्यांनी खूप काही पाठ केलं होतं, पण असं लख्ख काही कळलं नव्हतं. लहानपणी सोयगावच्या शाळेत शिकताना कळायचं तसं कळलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

त्या आनंदातच त्या रागावल्या. "मग हे लिहिलं का नाहीस गं? चार ओळींचं काम. याच्याचसाठी तर गुण कापलेत त्यांनी!"

गजाला बांगड्या उतरवून रंगांप्रमाणं वेगळ्या करत होती. मान वर न करता, कसलीही तक्रार नसलेल्या आवाजात ती म्हणाली, "तुम्हीच म्हणलात ना मॅडम. पेपरच्या आधल्या आठवड्यात मी लायब्ररीत असाच एक प्रश्न घेऊन आले होते. विचारलं होतं, आधी परत येत नाय हे लिहायचं का? तुम्ही म्हणलात, उघड आहे ते. असलं लिहीत बसलीस तर वेळ पुरायचा नाही."

मॅडमना आठवलं. समोर पेपरांचा गठ्ठा होता, पोरगी काहीतरी 'परत येतं, परत येत नाही' असं विचारत होती, आणि काय परत येत नाही तेच त्यांना कळलं नव्हतं. तोंडात जे आलं ते त्यांनी ठोकून दिलं होतं. गजाला मान हलवून निघून गेली होती.

साडेतीन वाजत आले. कॉलेजात परत जाण्याइतका वेळ उरला नव्हता. मजीदभाईंनी दुकानामागची खोली दिली, खोक्यांवर लॅपटॉप ठेवला गेला आणि नियमाप्रमाणं गजालाला समोरच्या अत्तराच्या दुकानात पाठवण्यात आलं. खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता.

लॅपटॉपवर दिसला तो पांढऱ्या भुवयांचा, शांत चेहऱ्याचा म्हातारा होता. बोलणं इंग्रजीतून होतं आणि मॅडमचं इंग्रजी पहिल्या दोन मिनिटांत अडखळलं, मग मात्र धावू लागलं. त्यांनी दुसरं पान दाखवलं. रीतींचे गट पाडण्याची कल्पना इथं पुरती लिहिलेली आहे, तुमच्या उत्तरातल्या अर्ध्या वाटेइतकी तिची किंमत आहे, याचे गुण कुठं आहेत? म्हातारा चष्मा लावून पान वाचत राहिला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "हे मी धरलं नव्हतं. एक गुण."

पाचाचे सहा झाले. आता एकच हवा होता.

"आणि तेराच्या आधी परत का येत नाही," त्यानं विचारलं, "ते कुठं लिहिलंय?"

मॅडमच्या जिभेवर शब्द तयार होता. ते उघड आहे. हसून म्हटलं असतं, चष्मा वर सरकवला असता, तर कोण जाणे, कदाचित एक गुण निघालाही असता. त्यांनी तो शब्द गिळला.

"लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण हे लिहावं का, असं तिनं मला आधी विचारलं होतं. मीच सांगितलं, गरज नाही."

"तुम्हाला तसं का वाटलं?"

"मला तिचा प्रश्न समजला नव्हता. आणि समजला नाही, हे मी तिला सांगितलं नाही."

म्हाताऱ्यानं चष्मा काढून हातात धरला. "मॅडम, मला कागदाला गुण द्यावे लागतात," तो हळूच म्हणाला. "सहा. यापुढं मला जाता येणार नाही." त्यानं मान लववून निरोप घेतला आणि चौकट काळी झाली.

मॅडम पडद्याबाहेर आल्या तेव्हा मजीदभाई एकटेच होते, गिऱ्हाईक गेलं होतं. वेरूळ-अजिंठ्याला आलेल्या परदेशी बायांना बांगड्या विकता विकता त्यांना इंग्रजी पुष्कळ कळायला लागलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी नुसतं स्टूल पुसून पुढं सरकवलं. चार शब्द सुनावले असते तर मॅडमना सोसलं असतं, पण ते स्टूल सोसवेना.

गजाला रस्ता ओलांडून धावत आली. "काय झालं, मॅडम?"

"सदतीस," मॅडम म्हणाल्या.

पोरीचा चेहरा उतरला. डोळे भरून आले, ते तिनं ओढणीनं टिपले आणि मग तीच मॅडमची समजूत घालायला लागली. "जाऊ द्या मॅडम. तिकडचे लोक लई काटेकोर असतात. तुम्ही इतक्या लांब आलात, भांडलात, एक गुण तरी आणला. प्रवेश परीक्षा देईन मी."

तिनं स्वतः सुटकेचं दार उघडून दिलं होतं. मॅडमना फक्त पिशवी उचलून बाहेर पडायचं होतं. त्यांनी पिशवी उचललीसुद्धा, आणि परत खाली ठेवली.

"तिकडच्यांची काही चूक नाही, गजाला. चूक माझी आहे. त्या दिवशी लायब्ररीत तू काय विचारलंस ते मला कळलंच नव्हतं. मला येत नव्हतं, म्हणून मी उघड आहे म्हणाले."

ती आता भांडेल, असं मॅडमना वाटलं. तिनं भांडावं असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

"मलाबी कुठं कळलं होतं मॅडम?" ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज कापत होता. "तेरात बसत नाय हे दुकानात बघून माहीत होतं. का बसत नाय, ते नव्हतं माहीत. म्हणूनच विचारलं होतं. तुम्ही उघड आहे म्हणलात, तवा मला वाटलं, मीच येडी, मलाच एवढं दिसत नाय. लाजेनं परत विचारलं नाय. पेपर झाल्यावर घरी बसून काढलं, एका संध्याकाळचं काम होतं. त्या दिवशी तुम्ही नुसतं म्हणला असता की मलाबी येत नाय, तर आपण दोघींनी तिथंच बसून काढलं असतं."